काठी वाजली की यायचं

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माझं ऑपरेशन होऊन मी घरी येईपर्यंत सांभाळायला तू रविवारी माझ्या कुत्र्याला, हमालाला, न्यायला येतोयस हे कळलं, बरं वाटलं. तरी हे पत्र आधी पाठवते आहे. तू समोर आलास की गप्पा मारत बसशील आणि माझं सांगणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देशील. निदान कागद खिशात तरी राहील.

तो वासराएवढा झालाय, पण दांडगाई अजिबात नाही. त्याचं भांडं स्टुलावर ठेव. मला वाकता येत नाही म्हणून त्याला तसंच शिकवलंय, जमिनीवर ठेवलंस तर नुसता बघत बसेल. बिस्किटाचा तुकडा हातातून घेत नाही, खुर्चीला बांधलेल्या नळीतून घरंगळत नाकापुढे आला की घेतो. नळी पिशवीत घातली आहे. हसू नकोस.

आता मुख्य गोष्ट. काठी जमिनीवर आपटली की तो असेल तिथून येतो आणि काठीवाल्याच्या पायांसमोर आडवा उभा राहतो. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला मूठ आहे, ती धरून मी उठते. मी 'झालं' म्हणेपर्यंत तो तसूभर हलत नाही, मग जग बुडो. आयुष्यभर काठी आपटून पोरांची कवायत घेतली, पण इतका शहाणा विद्यार्थी मला एकही मिळाला नाही. तूही नाहीस. तेव्हा त्याच्यासमोर उगाच काठी आपटायची नाही, आणि आपटलीच तर 'झालं' म्हणायचं. घरात सगळ्यांना सांगून ठेव.

खुबा बदलला तरी उठता-बसताना आधार लागणारच, असं डॉक्टर म्हणतात. तो नसेल तर मला घर सोडून देखभाल केंद्रात राहावं लागेल. मी त्यांना सांगितलं, माझा आधार चार पायांचा आहे, काळजी नको.

वहिनीला आशीर्वाद. तुझ्यावर माझा लोभ जुनाच आहे, त्याला गंज चढणार नाही एवढं बघ.

तुझी
ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हमाल एकदम मजेत. भांडं स्टुलावर, नळी खुर्चीला, सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणे. खुर्चीत बसून कुत्रं शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं मी म्हणायचो. ते शब्द आज मागे घेतो.

त्याचं असं झालं, परवा माझे दोघे मित्र चहाला आले. ही बाहेर गेली होती. मी गंमत म्हणून छत्री फरशीवर आपटली, तर हा स्वयंपाकघरातून धावत आला आणि माझ्यापुढे आडवा! एकाने बिस्किट दाखवलं, दुसऱ्याने शेपटी ओढली, पण पठ्ठ्या हलेल तर शपथ. आमचा चहा संपला तरी उभाच. शेवटी मी 'झालं' म्हटलं तेव्हा सुटला बिचारा. हसून हसून पोट दुखलं. हिला यातलं काही सांगितलेलं नाही, घरात असले खेळ तिला खपत नाहीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सासरेबुवा मुक्कामाला येतायत. काठी टेकत येतील आणि आल्या आल्या माझं काय काय चुकतं ते मोजायला लागतील. आमचं किती जमतं ते तुला ठाऊकच आहे. ते असतील तोवर मी आपला चष्म्याच्या दुकानातच बरा.

ऑपरेशनला घाबरू नकोस. लोभ आहेच, त्यात माझ्या हसण्याने घट नसावी.

तुझा
धाकटा

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन पार पडलं. आता रोज सकाळी व्यायामाच्या बाई येतात आणि मला 'एक, दोन, पाय उचला' करायला लावतात. जन्मभर दुसऱ्यांना केलं ते आता माझ्याच वाट्याला आलंय. बाई गोड आहे, पण मोजताना घाई करते. मी तिला दोनदा टोकलं.

तुझं छत्रीचं वाचून मला हसू आलं नाही. तो खेळ करत नव्हता, काम करत होता. असो. पण सासरेबुवा काठी वापरतात ना? त्यांना आल्या आल्या सांग, आणि वहिनीलाही सांग. 'झालं' एवढा एकच शब्द आहे, जड नाही. तुला त्यांच्याशी बोलायचा कंटाळा, हे मला माहीत आहे म्हणून पुन्हा लिहिते आहे.

वीस तारखेच्या सुमारास मला सोडतील. त्या दिवशी हमाल दारात हवा. त्याचा वास घेतल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

जीव लावून राहा.

तुझी
ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. दुकानात कामाची फार ओढाताण आहे म्हणून थोडक्यात लिहितो. हमाल बरा आहे, त्याची काळजी करू नकोस. हवा बदलली की जनावरं जरा सुस्तावतात, तेवढंच.

माझ्या मनात आलं, तू घाईने घरी जायचा हट्ट का धरतेस? देखभाल केंद्र काही वाईट नसतं. माणसं असतात, वेळेवर जेवण असतं. कुत्र्याच्या भरवशावर किती दिवस राहणार? शांतपणे विचार कर.

तब्येतीला जप. लोभ असावा.

तुझा
धाकटा

ता. २४ फेब्रुवारी

सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

तुला मी फारशी पत्रं लिहीत नाही, आणि आज लिहिते ती तक्रार करायला नाही. मी चार दिवसांपूर्वी घरी आले. व्यायामाच्या बाई सकाळ-संध्याकाळ येऊन मला उठवतात, बसवतात. पण त्यांनाही त्यांचा संसार आहे, हे काही कायमचं नाही. केंद्राची माणसं पुढच्या महिन्यात मला बघायला येणार आहेत, मी घरी राहण्याजोगी आहे की नाही ते ठरवायला. त्याआधी हमाल माझ्याकडे हवा.

धाकट्याला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आधीच्या पत्रात हवापाण्याचं लिहिलं होतं. तो हवापाण्यावर आला की काहीतरी लपवतोय, हे मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते.

तू मला एवढंच सांग, हमाल जेवतो का? बाकी काही विचारत नाही.

तुझी
ताई

ता. १ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी चक्रावलेच. हमाल आमच्याकडे नाही, हे तुम्हाला माहीतच नाही? 'ताईला कळवलंय, काय योग्य वाटेल ते करा म्हणाली,' असं ह्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

आता विचारलंच आहे तर ऐका. माझे वडील येऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी बाथरूमकडे निघाले तर तुमचा कुत्रा त्यांच्या पायांत आडवा. ते हट म्हणाले, ओरडले, काठीने ढकललं, तरी तो दगडासारखा उभा. ओलांडून जायला गेले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. म्हातारा माणूस, वन्सं. अजून पलंगावर आहे, सगळं पलंगावरच करावं लागतं. ते आल्यापासून रोज हेच चाललं होतं, उठले की हा आडवा. मला वाटलं, दावा धरलाय त्याने. ह्यांना विचारलं तर म्हणाले, 'लाडावलेलं कुत्रं आहे, काय करणार!' मग मीच म्हटलं, ह्याला घरातून काढा. ह्यांनी ओळखीच्या लाकडाच्या वखारीत राखणदाराकडे दिला.

तुम्हाला वाईट वाटेल, पण मला माझा बाप दिसतो. तुमच्या जागी कुत्र्यापेक्षा माणूस मोठा मानणारं कुणी असतं तर इतकं लिहावंही लागलं नसतं. राग आला तर गिळा. मीही गिळलाय.

तुमची
वहिनी

ता. ५ मार्च

सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचं तुझ्या पत्रातूनच कळलं. हाड मोडलं की काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. माझ्या कुत्र्यामुळे ते पडले, त्याबद्दल मी तुझी आणि त्यांची हात जोडून क्षमा मागते.

पण दावा नव्हता गं. काठी वाजली की जायचं, आडवं उभं राहायचं, आणि 'झालं' ऐकेपर्यंत हलायचं नाही, हे त्याला मी शिकवलंय. तुझे वडील काठी टेकत उठले की त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला आधार हवाय. ते मारत होते तरी तो आधार देत उभा होता. 'झालं' म्हणणारं तुमच्या घरात एकच माणूस होतं. छत्री आपटून मित्रांना करमणूक दाखवताना धाकट्याला तो शब्द बरोबर आठवला होता. मी दोनदा लिहून बजावलं होतं. पत्रं त्याच्याकडे असतील, नसतीलही.

हे मी भांडण लावायला लिहीत नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, हे माझ्याच्याने बघवत नाही. वखार कुठे आहे तेवढं कळव.

तुझी
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिळवलंस ना शेवटी? ही माझ्याशी बोलत नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ताट समोर येतं, पण वाढणारी माझ्याकडे बघत नाही. एवढं सगळं हिला कळवायची काय गरज होती? मला आधी विचारायचंस.

मी सांगणारच होतो. पण म्हातारा जमिनीवर पडून विव्हळतोय, ही रडतेय, आणि त्यात मी छत्रीची गोष्ट काढू? मग एक दिवस गेला, दोन गेले, आणि नंतर सांगणं आणखीच अवघड झालं. सासऱ्यांना आधी सांगायचं राहिलं, कारण ते काही सांगायला गेलं की अंगावर येतात. तुला नाही कळणार, तू घरात एकटी.

आणि खरं सांगू, तो वखारीत सुखी असेल. मोकळा फिरतो. तुझ्याकडे खुर्चीच्या पायाला बांधल्यासारखाच होता. तुला हवं तर मी नवीन पिल्लू आणून देतो, शिकवून तयार केलेलं. झालं गेलं विसर. भावंडांमध्ये कुत्रं यावं का?

तुझा
धाकटा

ता. २९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वहिनीने वखारीचा पत्ता कळवला, नळीही परत पाठवली. मी व्यायामाच्या बाईंना घेऊन टॅक्सीने गेले. राखणदार माणूस वाईट नाही. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, कुत्रा चांगला आहे, फक्त सुरुवातीला डोक्याने कमी वाटला. राखणदार फेरी मारताना लाकडांच्या प्रत्येक थप्पीपाशी काठी आपटतो, आणि हमाल प्रत्येक वेळी धावत येऊन त्याच्या पायांत आडवा. तोही एकदा पडता पडता वाचला. मग त्याने काठीचे चार-दोन तडाखे दिले, पुन्हा आला की पुन्हा दिले. आता सुधारलाय, म्हणाला. मी त्याला काय बोलणार? त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

हमाल ओंडक्यांमागून आला. मला बघितलं आणि सबंध अंग हलवत आला रे. माझ्या मांडीत डोकं खुपसलं. मी रडले, तिथे सगळ्यांसमोर. मग मूठ धरून उठावं म्हणून सवयीने काठी आपटली. तो जमिनीला चिकटला. कान पाडले, तसाच सरपटत थप्पीमागे गेला आणि तिथे त्याने अंगाखाली ओलं केलं.

घरी आणला. काठीच्या टोकाला रबर लावलं, वर जुना मोजा बांधला. आवाज येत नाही. पण आता प्रश्न आवाजाचा राहिलेला नाही. काठी हातात दिसली की तो पलंगाखाली जातो. नळीतून बिस्किट सोडलं तरी बाहेर येत नाही. काठी ठेवली की येतो, माझ्या पायावर हनुवटी टेकतो. म्हणजे मी बसलेली असेन तोवर तो माझा, आणि काठीशिवाय मला उठता येत नाही.

काल केंद्राची बाई आली. म्हणाली, तुमचा आधार कसा काम करतो ते दाखवा, त्याला बोलवा आणि उठा. काठी भिंतीला टेकवलेली होती. हमाल माझ्या पायावर झोपला होता, इथे आल्यापासून पहिल्यांदाच इतका गाढ. मी काठीकडे बघितलं. मग तिला सांगितलं, नाही उठता येत. तिने लिहून घेतलं.

पहिल्या तारखेला मला नेणार आहेत. तिथे कुत्रा चालत नाही. हमालाला व्यायामाच्या बाई नेतील. त्यांच्या घरी कुणालाच काठी लागत नाही, एवढं एक बरं आहे. स्टूल आणि नळी त्यांना आत्ताच देऊन टाकली.

तुझं नवीन पिल्लू पाठवू नकोस. माझा तुझ्यावर राग आहे, आणि तो मी म्हातारपणाच्या नावाखाली विसरणार नाही. मारणारा राखणदार माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. तुमच्या घरात सकाळी काठी वाजते आहे, बिचारा धावतो आहे, आणि शब्द ठाऊक असलेला एकटा माणूस चष्मा पुसत दुकानाला निघाला आहे, ते येतं.

वहिनीच्या वडिलांना माझा नमस्कार सांग. लोभ असावा, असं आता मी लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. पहिल्या तारखेच्या आत यावंसं वाटलं तर ये. दार ढकललं की उघडतं, उठून उघडणारं इथे कुणी नाही. फक्त ठोठावू नकोस. ठोका ऐकला की त्याला वाटतं, कुणीतरी मारायला आलं.

ताई