नववीचं सुतारकाम आणि रिकामं कपाट

१८ नोव्हेंबर १९४०
शेडमध्ये नववीच्या मुलींचं सुतारकाम तपासलं. एकही वस्तू पुरी नाही. चौरंगाला तीन पाय. फळीची एकच कड रंधलेली. आराखडे मात्र सुरेख.
शाळेचे सेक्रेटरी, विडीपानांचे व्यापारी, दारातूनच म्हणाले, "बाईजी, शेड खाली कर दीजिए, तेंदूपत्ता रखना है. लड़कियाँ सिलाई कर लेंगी." म्हटलं, जानेवारीत इन्स्पेक्टर येतील. त्यांना पुरं काम दिसलं नाही तर किल्ली मीच आणून देईन.
बोलून बसले. आता माघार नाही.

२० नोव्हें.
दम दिला, उभं केलं, उपयोग शून्य. शेवटी चंद्रभागेला पकडलं. नागरा गावापलीकडची, हात चांगला, तोंड फटकळ. तिच्याच बोलीत विचारलं, "काऊन पुरं करत नाहीस?" वर्ग हसला. ती हसली नाही.
"पुरं केलं का तुमच्या कपाटात जाते जी बाई. अर्धं राह्यलं का आपल्याजवळ राह्यते. मंग कायले पुरं करू?"
कॉलेजात तर्कशास्त्र शिकले त्याला तीस वर्षं झाली. तिचं प्रमेय बिनचूक. तास लवकर सोडला.

२१ नोव्हें.
कपाट उघडलं. गेल्या वर्षीचे पाट, पेट्या, चिठ्ठ्या लावून काचेआड. एका पाटाला वाळवी. सगळं ज्या त्या मुलीला परत.
नवा नियम फळ्यावर: घरात ज्यावाचून अडतं ते बनवा. माप घरून आणा. पुरं झालं की त्याच दिवशी घरी न्या. तपासणीला तेवढं घेऊन या.
चंद्रभागा: "खरंच का जी?" मी खोटं कधी बोलले, म्हटलं.

२ डिसेंबर
शेडमध्ये बोलायला जागा नाही, इतकी ठोकाठोक. लढाईमुळे बाजारात खिळे नाहीत. बांबूच्या खुंट्या मारतो. बऱ्या बसतात. शांती (सेक्रेटरींची नात) आजीसाठी पूजेचा चौरंग करते आहे. चौथा पाय लागला. मी मान हलवली, तेवढंच. तारीफ केली की रंधा थांबतो.

५ डिसें.
चंद्रभागेचा आराखडा वेगळाच. तिच्या मामाची बोडी आहे, गावतळं म्हणावं इतकी. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी. पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी सोडायचं भोक, त्याला इकडे तुडूम म्हणतात. त्याचा लाकडी दट्ट्या कुजला. पाणी गळतं, खाली ऊस उभा आहे, उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरायचं नाही. नवा दट्ट्या ती करणार. मामा म्हणाला म्हणे, "पोरीच्या हातचा दट्ट्या? बोडी वाहून नेशील."
मंजूर केला. खेळणं नाही हे, असंही सांगितलं.

१२ डिसें.
दट्ट्या फुगला. कोरडा असताना घट्ट बसवला होता; पाण्यात फुगून असा रुतला की पाणी सोडायला मामाला तो कुऱ्हाडीने फोडावा लागला. चं. रडवेली. "नाही होत जी बाई. मी पाट करतो आता."
"होत नाही हे लाकूड सांगेल. तू सांगू नकोस. दुसरा ओंडका घे."
घेतला. आधी रात्रभर पाण्यात भिजवला, मग माप. हे मी सांगितलेलं नाही.

२३ डिसें.
शांतीचा चौरंग घरी गेला. आणखी तिघींचं पुरं झालं. एकीच्या घरी नव्या पाटावर कोणी बसायचं यावरून सासूसुनेचं वाजलं. उत्तम.
चं.चा तिसरा दट्ट्या. दुसरा सैल झाला होता. या वेळी ती रडली नाही.

१६ जानेवारी १९४१
उद्या तपासणी. चं.ला म्हटलं, दट्ट्या आण.
"कसा आणू जी? काढला का बोडी खाली होईल."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी हसले. वर्गाने मला हसताना पाहिलं, त्याला इलाज नाही.

१७ जाने.
सगळ्यांनी वस्तू आणल्या. हळदीचे डाग, तेलाचे ओघळ, एका फळीवर पिठाचा हात. इन्स्पेक्टर प्रत्येक पाटावर स्वतः बसून पाहत होते. जाडे आहेत. एकही करकरला नाही. शांतीचा चौरंग खुद्द सेक्रेटरी घेऊन आले आणि दोनदा विचारलं, "शांती की दादी पूछ रही हैं, वापस कब मिलेगा?"
मग इन्स्पेक्टर: "एक मुलगी राहिली." चं. उभी राहिली. दट्ट्या का आणला नाही ते सांगितलं. मी म्हटलं, मोटार आहे तुमच्याकडे, चला.
पाळीवर उभे. मामा मागे हात बांधून. बोडी काठोकाठ नाही, पण भरलेली. खालची चारी कोरडी, धूळ उडत होती.
इन्स्पेक्टर वाकून वाकून पाहत होते. "मला तर काहीच दिसत नाही."
"दिसून नाही राहिला जी, म्हणजेच बसला," चं. म्हणाली.
मामा तिच्याकडे न बघता म्हणाला, "वरच्या बोडीचाही करजो." एवढंच. पोरगी शाळेत परत येईपर्यंत मोटारीत ताठ बसली होती. मीही.

३ फेब्रुवारी
इन्स्पेक्टरांचा अहवाल अजून नाही. सेक्रेटरींनी आज माणूस पाठवला, किल्ली मागायला. सांगितलं, किल्ली शेडमध्ये आहे, आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ते खरंच होतं. आठवीच्या मुली शिरल्या आहेत, त्यांना नियम अजून सांगितलेलाही नाही.
चं. दाराशी वरच्या बोडीसाठी ओंडका भिजत घालून बसली होती. तिने त्या माणसाला बादली धरायला लावली.