गजीच्या रिंगणातली टक्कर

तीर्थस्वरूप आकाराममामांच्या चरणी भाची माया हिचा आटपाडीहून दंडवत.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत (गुंडाच्या कपाळावरचं टेंगूळ सोडून, त्याचीच ही हकीकत). फोन केला की तुम्ही "घाटात हाय गं, रेंज न्हाई" म्हणून ठेवून देता. महाबळेश्वरात तुमची टॅक्सी घाटाबाहेर कधी निघते, देव जाणे! थंडीत कानटोपी घालता ना? गिऱ्हाइकांशी भांडणं कमी केलीत ना?

तर झालं असं. मी सुट्टीला आले आणि गावकऱ्यांनी मला देवळापुढं भाषणाला उभं केलं. पुण्यात काय संशोधन करतेस ते सांग, म्हणाले. आता मेसॉन गावाला कसा सांगायचा? अणूच्या गाभ्याला बांधून ठेवणारा जो जबर जोर, त्यातून उपजणारे हे बारके कण. ते एकमेकांवर आपटून कसे विखुरतात ते मी बघते (म्हणजे कागदावर, डोळ्यांना काही दिसत नाही, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही). त्यातले सगळ्यात हलके मेसॉन सावकाश आले तर फारशी ओळख न देता निघून जातात, तुम्ही आणि नानासो त्या भांडणानंतर बाजारात एकमेकांसमोरून जायचात तसे. आणि ते इतके हलके का? तर नियम म्हणतो, डाव्या-उजव्या कणांनी आपापल्या मर्जीनं फिरावं. पण पोकळीतच असं काही ठरून गेलेलं असतं, की दोघांना जोडीनंच फिरावं लागतं. हा जो नियमाचा सारखेपणा मोडतो, त्यातून ते हलके मेसॉन येतात.

लोक जांभया द्यायला लागले. मग मला अवदसा आठवली आणि मी आपल्या गजी नाचणाऱ्यांना रिंगणात उभं केलं. म्हटलं, म्होरक्या नसला म्हणून काय, डाव्या-उजव्या रांगांनी मर्जीनं फिरा, जोडी आपोआप जमेल. ढोल वाजला. डावी रांग डावीकडं गेली, उजवी उजवीकडं, आणि समोरासमोर गुंडा नि नानासो अशी टक्कर झाली की ढोलसुद्धा थांबला. बिराप्पाचा फेटा सुटून तिघांच्या पायात आला. तेव्हापासून डावी रांग चहाच्या टपरीवर बसते, उजवी देवळात, बोलणं बंद. पुढच्या महिन्यात बिरोबाची जत्रा आणि आपल्या गावची गजी नाही! मला तर तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मामा, चूक माझ्या मांडणीत होती. पोकळीलासुद्धा कुठं वळायचं ते ठरवायला एक बारीकसा कल लागतो. आपल्या रिंगणात तो कल तुमच्या पहिल्या पावलाचा होता. तुम्ही रुसून गेल्यापासून सगळे नुसतेच गोल उभे राहायचे, आता तर तेही नाही. मला तुमची फार आठवण येते.

आपली लाडकी (आणि सध्या मागच्या गल्लीनं फिरणारी) भाची,
माया

ता. क. नानासो कपाळाला हळद लावून आले होते. म्हणाले, "पोरी, लिव्ह त्याला. 'तुजं वय झालं, पोरास्नी म्होरं येऊ दे,' आसं त्याला म्हटलो ती माजीच चूक. पर हे मी बोललो म्हणून लिवू नगंस." म्हणून ते लिहीत नाही.

पुन्हा ता. क. मामी म्हणते, "यायचं न्हाई तर ऱ्हाऊ देत तिकडंच." तुमचा गजीचा पांढरा अंगरखा मात्र तिनं या आठवड्यात दोनदा धुतलाय. कापड जुनं आहे मामा, आणखी किती धुणं सोसेल सांगता येत नाही. त्याआधी या.