फ्रिज सपाट जागी ठेवावा

३ मार्च, रविवार. मूंटा.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण एवढं मोठं काम माणूस एकट्याने करतो तेव्हा कुठेतरी नोंद असावी.

कॅरव्हॅनचा जुना फ्रिज गेला. वॉलरूच्या एका माणसाकडून दुसरा आणला. तीन प्रकारे चालतो. गाडी पळत असताना बॅटरीवर, कॅम्पात विजेवर, आणि जिथे वीज नाही तिथे गॅसवर. गॅसची ज्योत पेटवायची आणि बर्फ तयार! कोरलला हे दोनदा समजावलं. तिने एवढंच विचारलं, बसवणार कोण?

मी. कौन्सिलच्या रस्ते खात्यात उभा जन्म काढला. हिशेबाच्या टेबलावर, पण डोळा रस्त्यावर होता.

कोरलची अट: तिचे काचबिंदूचे थेंब. न उघडलेल्या बाटल्या गारच राहायला हव्यात, नाहीतर औषध बाद. थेंब गार राहणार असतील तर तुझ्याबरोबर कॅरव्हॅनने येते, नाहीतर विमानाने जाते, म्हणाली. एस्परन्सला मुलीकडे, टॅम्सिनकडे पोचायचं आहे, नातू बघायला. मध्ये अख्खं नलरबॉरचं ओसाड माळरान. मी शब्द दिला. प्राउस घराण्याचा शब्द.

६ मार्च, बुधवार.
फ्रिज बसला. जरा ठोकावा लागला. गॅसची जोडणी कायद्याने लायसन्सवाल्याकडूनच करून घ्यावी लागते, म्हणून एक बाई येऊन नळी जोडून, गळती तपासून गेली. बाकी सगळं मी. बाहेरच्या जाळ्या मी, स्क्रू मी. दोन उरले. कंपन्या जास्तीचे देतातच.

८ मार्च, शुक्रवार.
माहितीपुस्तक वाचलं. (लोक वाचत नाहीत, म्हणून त्यांचे फ्रिज बिघडतात.) पान चार, ठळक अक्षरांत: फ्रिज सपाट जागी ठेवावा. या फ्रिजला मोटर नसते. आतलं रसायन आपापलं फिरतं. व्हॅन कलती असेल तर ते अडून बसतं आणि गारवा बंद.

म्हणून पाणसळ आणली, ती बुडबुड्याची पट्टी. व्हॅनमध्ये कायमची चिकटवणार. मुक्कामाला पोचलं की पुढचं छोटं चाक वरखाली करून बुडबुडा मध्यावर आणायचा, की झालं.

चिकटवायला आमच्या ड्राइव्हवेसारखी जागा नाही. १९८९ साली मी स्वतः काँक्रीट ओतून केलेला. याहून सपाट जमीन साऊथ ऑस्ट्रेलियात नसेल. तर काय, फाटकाकडे तोंड करून उभ्या व्हॅनमध्ये पट्टी ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला! चक्क सदोष माल. हल्ली कशाचा म्हणून भरवसा राहिलेला नाही. दुकानात परत जाण्यापेक्षा बिअरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती दुमडून एका टोकाखाली सरकवली, बुडबुडा मध्यावर आणला आणि गोंदाने पक्की केली. यंत्र दुरुस्त.

कोरल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, नेव्हिल, लिंबं. एवढंच. आमच्या झाडाची लिंबं पडली की घरंगळत फाटकापाशी जमतात. वाऱ्याने. हे मी तिला पस्तीस वर्षं सांगतो आहे. मागे तिच्या बहिणीची गाडी ब्रेक न लावता उभी होती ती रस्त्यावर गेली, तेव्हाही ड्राइव्हवेला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं.

१८ मार्च, सोमवार. पोर्ट ऑगस्टा.
निघालो! कोरलने पिशवीभर लिंबं घेतली. बुडबुडा मध्यावर. फ्रिज विजेवर.

रात्री नऊ: आत कोमट. नवी जागा आहे, रुळायला वेळ लागतो. माणसालासुद्धा नव्या घरी झोप लागत नाही.

कोरलला तर नाहीच लागली. म्हणे, डोकं खाली आणि पाय वर असल्यासारखं वाटतंय. उशी उचलून पायाकडे नेली आणि उलटी झोपली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि आता माझ्या तोंडाशी पाय.

१९ मार्च, मंगळवार. किंबा.
थेंबांना ओला टॉवेल गुंडाळून, बर्फाची पिशवी विकत घेऊन ठेवलं. म्हणजे कोरलने ठेवलं. मी म्हटलं, अविश्वास दाखवतेस. ती म्हणाली, हो.

इथे वीज नाही. गॅस वाचवायला रात्रभर बॅटरीवर ठेवायचं ठरवलं. विचारपूर्वक.

२० मार्च, बुधवार. किंबाच.
गाडी चालू होईना. बॅटरी ठार. बॅटरीवर फक्त गाडी पळत असताना चालवायचा हे पुस्तकात आहे, पण पान अकरावर. इतकी महत्त्वाची गोष्ट पान अकरावर ठेवतात? हा विश्वासघात आहे.

शेजारच्या व्हॅनमधला माणूस वायरी घेऊन आला. मर्व्ह टिड्सवेल. पोर्ट पिरीचा, बेकरीतून निवृत्त, बायको वारलेली. त्याची व्हॅन आमच्या घराएवढी. एस्परन्सच्याच रस्त्याला आहे म्हणतो. गाडी चालू करून दिली, वर कोरलला व्हॅनिला स्लाइस दिला. गार. मला पण दिला. मी अर्धाच खाल्ला.

जाताना माझ्या व्हॅनकडे बघून म्हणाला, मित्रा, नाक जरा खाली नाही का वाटत? मी त्याला बुडबुडा दाखवला. बेकरीवाल्याला काय कळणार.

२१ मार्च, गुरुवार. स्ट्रीकी बे. संध्याकाळ.
शांतपणे लिहितो.

पाच वाजता कॅम्पात सगळे जमतात. आपली खुर्ची, आपलं पेय. मी माझी बिअर नेली. कोमट, पण इंग्लंडात कोमटच पितात असं जाहीर केलं, कुणी हसलं नाही. मर्व्ह शेजारीच. आमच्यामागोमाग इथेही पोचला.

कोरलच्या ग्लासात आवाज झाला. किणकिण. मी पाहिलं. बर्फ.

आमच्या फ्रिजने आजवर बर्फाचा एक खडा दिलेला नाही. विकतची पिशवी सकाळीच विरघळली होती. मग हा बर्फ कुठला? ती ग्लास हलवत समुद्राकडे बघत होती. चांगले तीन मोठे खडे होते, चौकोनी.

माणूस बाहेरच्यांचा दगा सोसतो. घरातल्याचा कसा सोसायचा?

२२ मार्च, शुक्रवार.
निश्चय. आजच्या आज बर्फ.

वॉलरूच्या माणसाला फोन. तो म्हणाला, माझ्याकडे होता तोवर दूध गोठायचं. खोटारडा. मग म्हणाला, सपाट उभी केली आहेस ना? मी फोन ठेवला.

जुना तोडगा आठवला. असा फ्रिज रुसला तर त्याला डोक्यावर उभा करतात, रसायन जागेवर येतं. दिवसभर स्क्रू काढले, फ्रिज बाहेर ओढला. गॅसची नळी सोडायला कायद्याप्रमाणे गावातल्या लायसन्सवाल्याला बोलावलं. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, काय चाललंय? कोरल म्हणत होती, शिक्षा.

संध्याकाळी परत बसवला, तोच लायसन्सवाला नळी जोडून गेला. आता चार स्क्रू उरले.

२३ मार्च, शनिवार. सकाळ.
बर्फ!!

बर्फ! ट्रेभर! दूध गोठलं! लोणी दगड! उठल्या उठल्या कोरलला हाक मारली. ती म्हणाली, हो का, छान. आवाजात म्हणावं तसं आश्चर्य नव्हतं. मत्सर असेल.

मर्व्हला मुद्दाम जाऊन सांगितलं. डोक्यावर उभा केला की येतो ताळ्यावर, म्हटलं. तोही म्हणाला, हो का, छान.

व्हॅनचा बुडबुडा मात्र रात्रीत सरकलेला दिसतोय. किनाऱ्याची वाळू, खचली असणार. बघतो.

दुपार.
खचली नाही. पुढच्या चाकाखाली फळी आहे.

माझी नाही. माझ्या फळ्या हिरव्या. ही विटकरी, मर्व्हकडे असतात तशी. म्हणजे रात्री मी झोपलेला असताना परका माणूस माझ्या व्हॅनशी आला, तिचं नाक उचललं आणि स्वतःची फळी सारून गेला. माझ्या चालत्या फ्रिजवर डोळा! ताबडतोब ओढून काढली. चाक फिरवून बुडबुडा मध्यावर आणला. कोरल पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, काढलीस? काढ. मग आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत होती.

२४ मार्च, रविवार.
फ्रिज कोमट. घात झाला. फळी सारताना त्या माणसाने आतलं काहीतरी हलवलं असणार.

त्याहून वाईट पुढे. थेंबांचा डबा बघायला खालचं दार उघडलं. डबा नाही. दूध नाही, लोणीही नाही. फक्त लिंबं.

कोरलला विचारलं. तिने सांगून टाकलं. थेंब किंबापासून मर्व्हच्या फ्रिजमध्ये आहेत. त्याच दिवशी दिले, व्हॅनिला स्लाइस घेताना. आणि फळी तिनेच मागून आणली होती. नाक तिनेच उचललं, टॉर्च धरून, मी घोरत असताना.

मी म्हटलं, कोरल, चाळीस वर्षांचा संसार, आणि तू केसाने गळा कापलास. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

ती म्हणाली, डोळे गेल्यावर तुझं खरं होताना मी बघणार कशी, नेव्हिल?

मग म्हणाली, रात्री वाटलं होतं, सकाळी फळी बघशील, बर्फ बघशील, दोन्हींची सांगड घालशील. तू फळी काढलीस. आता जिथे थेंब तिथे मी. उद्यापासून मर्व्हच्या गाडीत बसते. तुझ्या फ्रिजमध्ये तुझ्या हाताने बर्फ झाला की सांग.

मी म्हटलं, लोक काय म्हणतील?
ती म्हणाली, लोक रोज पाच वाजता म्हणतातच.

२६ मार्च, मंगळवार. नलरबॉर.
रस्ता सरळ. पुढे मर्व्हची गाडी, मागे मी. मधूनच त्याच्या गाडीच्या बाजूच्या आरशात कोरलचं डोकं हलताना दिसतं. हसते आहे. माझ्याबरोबर असताना ती गाडीत विणते.

रेडिओ लागत नाही. दुपारी सँडविच मीच केलं. टोमॅटो गरम.

आता टेबलाशी बसलो आहे. चहात पिळायला एक लिंबू काढलं, सुरी घ्यायला वळलो, तेवढ्यात ते घरंगळत गाडीच्या तोंडाच्या बाजूला गेलं. परत ठेवलं. परत गेलं.

वारा.

खिडक्या बंद होत्या. त्या मी पाहिल्या. मग उठून एकदा उघडल्या आणि बंद केल्या, नीट लागत नसतील म्हणून. लिंबू पुन्हा गेलं. बुडबुडा मध्यावर होता.

या लिंबांनाही आमच्या ड्राइव्हवेची सवय लागलेली दिसते.

२७ मार्च, बुधवार. सीमेवरचा कॅम्प. पहाट.
झोप लागली नाही. रक्त डोक्यात उतरल्यासारखं वाटतं. उशी पायाकडे नेली. मग लागली.

उठून पाणसळीखालची बिअरची चकती काढली. सुरी लावावी लागली, गोंद चांगला होता. बुडबुडा गेला टोकाला. चाक फिरवून नाक वर घेतलं, वर घेतलं, अजून वर, तेव्हा कुठे मध्यावर आला. टेबलावर लिंबू ठेवलं. थांबलं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. हलेना.

१९८९ साली ओतताना मूंटाचं निम्मं गाव बघायला आलं होतं. एकानेही सांगितलं नाही.

संध्याकाळ.
बर्फ झाला. माझ्या हाताने. ट्रे घेऊन पाचच्या बैठकीला गेलो. मर्व्हने विचारलं, काय केलंस? टायरची हवा, म्हटलं.

कोरलने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चकती काढलीस ना? म्हणाली. सगळ्यांसमोर. म्हणजे तिला घरापासून माहीत होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, पस्तीस वर्षं सांगते आहे. तू वारा म्हणतोस. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात, आमचं अंगण तर खरंच वाकडं आहे आणि नवरा म्हणतो सरळ आहे.

सगळे हसले. मर्व्ह नाही हसला. ते जास्त लागलं.

मी म्हटलं, ठीक. बर्फ झाला. आता थेंब परत ठेव आणि माझ्या गाडीत ये. ठरलं होतं.

तिने माझ्या ट्रेमधला एक खडा घेतला, ग्लासात टाकला, हलवून पाहिला. म्हणाली, फ्रिजवर विश्वास बसला, नेव्हिल. फ्रिजचा काहीच दोष नव्हता. पण थेंब एस्परन्सपर्यंत मर्व्हकडेच राहू देत.

आवाज चढवलेला नव्हता. मायेनेच म्हणाली असेल.

२८ मार्च, गुरुवार.
सीमा ओलांडली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं-भाज्या नेऊ देत नाहीत. तपासणीवाल्याने टोमॅटो, कांदे आणि शेवटची लिंबं डब्यात टाकायला लावली. दूध-लोणी मर्व्हकडे. थेंब मर्व्हकडे. कोरल मर्व्हच्या गाडीत, पुढे.

फ्रिज उत्तम चालतोय. आत काही नाही.