ऐकायची दांडी कोणाला

राजेंद्र, चष्मा तुझ्या कपाळावर आहे, तो आधी खाली घे. मागच्या महिन्यात लाइट बिल समजून लग्नपत्रिका भरायला निघाला होतास.

मी चंपाबाई सांडू हिवराळे, वय एक्याऐंशी, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहवून घेत आहे. अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर आहे.

१. दोन खोल्यांचे घर मुलगा राजेंद्र यास. नळाला पाणी आले की उठायचे त्यानेच, सुनेने नव्हे.

२. बँकेतली शिल्लक सून मालन हिला. आजारपणात तिने माझे सगळे केले. भाजीत मीठ कमी घालते, ही तक्रार मी सोबत नेते.

३. कपाटामागे एक लाकडी दांडी आहे, एका टोकाला वाटी कोरलेली. राजेंद्र तिला मोडक्या छत्रीची म्हणतो, मालनने तिच्यावर पापड लाटले, नात विशाखाच्या मोबाइलने बासरी सांगितली. ती नळफिटरची ऐकायची दांडी आहे. टोक रस्त्यावर टेकवायचे, वाटीला कान लावायचा. खाली पाइप फुटला असेल तिथं सूं आवाज येतो.

मालकांचे, म्हणजे तुझ्या नळफिटर बापाचे, कान तापात गेले. कळले असते तर नोकरी गेली असती. मी रोज डबा घेऊन लाइनवर जायची, साहेबाची पाठ फिरली की ऐकायची आणि पायाने जागा दाखवायची. गुलमंडीतली गळती मी धरली. शाबासकी त्यांना मिळाली.

एकदा त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने, कडुबाने, डबा उघडला. आत काही नव्हते, घरातच नव्हते. तेवढ्यात साहेब आला. "ही बाई रोज कशाला येती?"

कडुबाने झाकण लावले. "जेवण आणती, साहेब. आमी दोघं आत्ताच जेवलो."

अकरा वर्षे तो हे कोणाजवळ बोलला नाही. तुम्ही त्यावर वाढलात.

४. दांडी विशाखाला. परवा तिने कोणी न सांगता वाटीला कान लावला अन् म्हणाली, "आज्जे, ओट्याखाली काहीतरी सूं करतंय." फरशी उचलली तर खाली ओल. राजेंद्र, तू तिथंच रोज चहा पितोस.

साक्षीदार: रत्नमाला दांडगे, शेजारीण, शंतनू पाठक, औषध दुकानदार.
छत्रपती संभाजीनगर, ९ नोव्हेंबर २०२५
चंपाबाई, डाव्या हाताचा अंगठा

अंगठ्याखाली जागा उरली म्हणून: मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पहिले जेवण फुलंब्रीला कडुबाकडे पाठवा. येसर आमटी वेगळी द्या. ज्वारीच्या भाकरी मऊ करा, त्याला दात नाहीत. डबा तोच जुना, आणि झाकण दाबून बसवावे लागेल इतका भरा.