दारापाशी एक श्वास

२१ जुलै
इतके महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. कारण आळस नव्हे. म्हणजे आळस होताच, पण निव्वळ आळस नव्हे. हे सवडीने तपासायला हवे.

आज वर्षावास, भिक्षूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम, सुरू झाला. मेणबत्ती घेऊन विहारात गेलो. शेजारच्या कर्नलसाहेबांनी वर्षावासापुरती बिअर सोडली. मी पीतच नाही, त्यामुळे सोडायला काही नव्हते. म्हणून भीती सोडली. पॅराशूटच्या कोर्सला नाव दिले.

याला निमित्त गेल्या आठवड्याचे व्याख्यान. तरुणपणी भिक्षू होतो, पुढे चीवर उतरवून सैन्यात धर्मशिक्षक झालो, तेव्हापासून लोपबुरीच्या या छावणीत पोरांच्या पहिल्या उडीआधी मरणस्मृतीवर बोलत आलो आहे. या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, गुरुजी, तुमच्या किती उड्या झाल्या? सगळे हसले. मी म्हणालो, पुढच्या कोर्सला मी तुमच्याबरोबर. आणि स्वतःच्या मनाने दारातून उडी घेतली नाही, तर हे व्याख्यान पुन्हा देणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांसाठी बोललो का? बहुधा नाही.

माझ्या बायकोचे, रेवदीचे, छावणीच्या फाटकाजवळ गणवेश शिवायचे दुकान आहे. तिला म्हटले, माझ्या शर्टाच्या खिशावर पंखांच्या बिल्ल्याला जागा ठेव, पाच उड्या झाल्या की मिळतो. ती म्हणाली, आधी मिळू दे. एरवी ती मला घरच्या नावाने तोई म्हणते. आज गुरुजी म्हणाली.

२९ जुलै
आठवडाभर पडायला शिकतो आहे. पाय जुळवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हनुवटी छातीला. मग पोटरी, मांडी, कंबर, पाठ या क्रमाने जमीन घ्यायची. माझा क्रम: गुडघा, चष्मा, पुन्हा गुडघा. सार्जंट खाम्पान म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पडत नाही, बसता. पंगतीला बसल्यासारखे."

इथली पांढरी माती कपड्यांना अशी धरते की रेवदी धुऊन कंटाळली.

दुपारी खाम्पानने धोके सांगितले. छत्री उघडणारी पट्टी दंडाला गुंडाळली जाणे. दोन छत्र्या एकमेकींत अडकणे. झाड, विजेच्या तारा, पाणी. मी विचारले, यांतले सगळ्यांत वाईट काय? तो म्हणाला, दारात थांबणारा माणूस. विमान काही थांबत नाही. पहिला जितका रेंगाळतो तितका शेवटचा मैदानाबाहेर फेकला जातो. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, तुमच्या व्याख्यानातलं ते 'दारापाशी एक श्वास थांबा, मनाकडे पाहा' एवढं काढाल का?

विचार करतो म्हणालो. माणूस चांगला आहे, पण ध्यानाचा अभ्यास नाही.

१ ऑगस्ट
आमच्या तुकडीत लष्करी इस्पितळातली नर्स आहे, लेफ्टनंट पिमदाओ. चणीने लहान. रोज सकाळी ट्रेनिंगआधी तिला उलटी होते. तिच्या भीतीची जबाबदारी मी घेतली आहे. आज आंब्याखाली बसवून समजावले की भीती हा फक्त एक पाहुणा आहे, आला तसा जातो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, गुरुजी, तुमचे हात का कापताहेत?

करुणेने, असे सांगितले.

५ ऑगस्ट
मनोरा. उंची फार नाही, पण म्हणतात की माणसाला सगळ्यांत जास्त भीती नेमकी याच उंचीवर वाटते. वरून तारेला टांगून घेऊन उडी मारायची. इथला रिवाज असा की उडीच्या क्षणी आपल्या सर्वांत प्रिय माणसाचे नाव ओरडायचे. पोरे बेधडक आपापल्या मैत्रिणींची नावे ओरडत होती. पिमदाओने कुत्र्याचे नाव ओरडले.

माझी पाळी आली. प्रश्न सोपा नाही. बायकोचे नाव घेतले तर आईवर अन्याय. आईचे घेतले तर घरी काय सांगणार? आणि आसक्ती सोडायला शिकवणाऱ्याने कुणाचेही नाव घ्यावे का? हे सारे मी खाम्पानला कठड्याला धरून समजावले. त्याने मला खाली पाठवले, विचार करून या म्हणून.

घरी सांगितल्यावर रेवदीने शिवणयंत्र थांबवले. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि नाव आठवायला खाली उतरावं लागलं?"

रात्रभर कूस बदलत होतो.

६ ऑगस्ट
मनोऱ्यावरून उडी मारली. मनात रेवदीचे नाव पक्के होते. तोंडातून 'थांबा' आले. तरी पास.

१६ ऑगस्ट
बारा तारखेला मातृदिन होता. गावी आईला फोन केला, कोर्सचे सांगितले. ती म्हणाली, उडी कशाला, विमानाला जिना नसतो का? मग रडली. तिने बसच्या ड्रायव्हरबरोबर चिकट भात आणि एक ताईत पाठवला.

मी नेहमी ताइतांविरुद्ध बोलतो. बुद्धाची मूर्ती गळ्यात घालून गोळी चुकत नाही, हे माझे वाक्य छावणीत प्रसिद्ध आहे. पण आईचे मन मोडू नये म्हणून घातला. मग वाटले, एकच ताईत घातला की श्रद्धा दिसते. जास्त घातले तर तो अभ्यास ठरेल. रेवदीच्या काकांकडून दोन मागून आणले. कॅन्टीनच्या स्वयंपाक्याने एक दिला. कर्नलसाहेबांनी स्वतःहून दिला, नाही म्हणणे उद्धटपणाचे झाले असते.

आज तपासणीत खाम्पानने माझ्या शर्टात हात घातला तर खुळखुळा वाजल्यासारखा आवाज. पट्ट्यांत अडकू नयेत म्हणून त्याने सगळे आतून चिकटपट्टीने बांधले. म्हणाला, "छत्री नाही उघडली ना गुरुजी, तर या वजनाने तुम्ही सगळ्यांच्या आधी पोहोचाल."

१९ ऑगस्ट, सकाळ
उद्या पहिली उडी. एका जागी बसवत नाही. अंगणात फेऱ्या. फेऱ्या म्हणजे चालत केलेले ध्यान.

एक गंभीर शंका: पंखांचा बिल्ला हवासा वाटणे ही तृष्णाच नव्हे का? मग दारापर्यंत जाऊन बिल्ला नाकारणे हा खरा त्याग. रेवदीला विचारले. ती म्हणाली, हे बूट घ्यायच्या आधी सुचायला हवं होतं.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
पाऊस यावा असे फार वाटते. भातासाठी.

आला.

२० ऑगस्ट
पहाटे थांबला.

झाली. उडी झाली!

नीट लिहून ठेवतो. धावपट्टीवर पांढरा चिखल, सगळ्यांचे बूट चुन्यात बुडवल्यासारखे. मी ज्येष्ठ म्हणून रांगेत पहिला. माझ्यामागे पिमदाओ, सर्वांत शेवटी शिपाई दुआंग. दार उघडले, वारा आत शिरला. हिरवा दिवा. खाम्पान कानाशी काहीतरी ओरडला. मी दारापाशी एक श्वास थांबलो. खाली शेते, एक देऊळ, मुंगीएवढा ट्रक. मनाकडे पाहिले. आणि मग अगदी अचानक, कसलाही प्रयत्न न करता, देह पुढे गेला. एक तीव्र प्रेरणा कमरेखालून उसळली. ग्रंथांत हिचे वर्णन आढळत नाही. शोधायला हवे.

छत्री उघडली. इतकी शांतता मी ध्यानातही अनुभवली नव्हती. उतरताना गुडघा, चष्मा, पण हाड शाबूत.

मैदानावर पिमदाओ हसत होती आणि रडतही होती. मला पाहताच तिने हात जोडून क्षमा मागितली. कशाची ते न विचारता मी क्षमा केली. तिने विमानात ओकारी काढली असेल.

दुआंग मैदानाच्या पलीकडे कमळांच्या तळ्यात पडला. छत्रीखाली गुरफटला होता, बोटीवाल्यांनी ओढून काढला. वाचला. खाम्पान बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. वाऱ्याचा दोष असणार.

रेवदीला सांगितले, स्वतःच्या मनाने उडी घेतली. तिने ताटात ऑम्लेट वाढले. माझ्या आवडीचे, करकरीत.

२१ ऑगस्ट
सकाळी रेवदी माझी कालची पँट दोन्ही हातांत धरून दारात उभी राहिली. मागच्या बाजूला, मांडीच्या वर, पांढऱ्या मातीत उमटलेला बूट. टाच, तळवा, नक्षी, सगळे स्पष्ट.

मी म्हणालो, खाम्पान गर्दीत घसरला असेल. ती रोज सैनिकांची मापे घेते. म्हणाली, खाम्पानचा पाय रेड्याएवढा आहे, हा तर बाईचा बूट. मग पँट उलगडून शिवणयंत्रावर पसरली.

"बिल्ला छातीवर शिवू, की इथे?"

इस्पितळात गेलो. पिमदाओ ड्यूटीवर होती. मला पाहून उभी राहिली, नजर जमिनीवर. मी विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही एक श्वास म्हणाला होतात. मी चार मोजले. आणखी एक झाला असता, तर मी परत फिरले असते."

पुढच्याच वॉर्डात दुआंग होता. छातीत पाणी गेल्यामुळे ठेवून घेतले आहे. मला बघून उठायला लागला, मी थांबवले. हसून म्हणाला, बरं झालं गुरुजी, मला पोहता येतं. आमच्या तुकडीत निम्म्यांना येत नाही.

बराच वेळ त्याच्या पलंगाशी बसलो. चार श्वासांत विमान किती लांब जाते, याचा विचार यापूर्वी कधीच केला नव्हता. खाम्पानने सांगितले होते. मी त्याच्या ध्यानाच्या अभ्यासाचा विचार करत होतो.

दुपारी व्याख्यानात दिलेल्या शब्दाचा हिशेब लावला. दोन पळवाटा निघाल्या. पहिली: मी दारात होतो, आणि नको म्हणालो नव्हतो. दुसरी: मन माझे एकट्याचे असे काही नसतेच, असे शास्त्र सांगते. रेवदीला दोन्ही वाचून दाखवल्या. ती म्हणाली, तोई, जेवून घे.

खाम्पानला भेटून सांगितले की व्याख्यान बंद. तो म्हणाला, व्याख्यान राहू द्या, फक्त श्वास काढा. मी तरीही नाही म्हणालो. या बाबतीत तरी पळवाट नको.

ताईत ज्याचे त्याला परत केले. आईचा ठेवला.

पंखांसाठी चार उड्या बाकी. दुसरी परवा. मघापासून पुन्हा अंगणात फेऱ्या चालू आहेत, आणि त्या ध्यान नाहीत.

उद्याचे काम: पिमदाओला विनंती करणे, की दुसऱ्या उडीलाही माझ्याच मागे उभी राहा. बूट पुसून.