तीन मोटारी आणि एकच पोचा

महेश, चपला काढ, ही चिठ्ठी हातात घे, तुला एक गोष्ट सांगते.

नाशिक रोडला एक शहाणा राहायचा. जुनी खेळणी घ्यायचा आणि हौशी लोकांना विकायचा. एकदा मुंबईच्या व्यापाऱ्याने त्याला पत्र्याच्या तीन मोटारी दिल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या म्हणून. तिन्हींना गंज एकाच जागी, पोचाही एकाच दारावर! शहाण्याला शंका आली. बहीण म्हणाली, "अरे, त्याला विचार तरी." तर म्हणतो कसा, "ताई, मी थोड्याच बनवल्यात? मी नुसत्या विकतो."

वा रे हरिश्चंद्रा!

आपले अण्णा पंचवटीत फुलं विकायचे. कालची शेवंती वेगळ्या टोपलीत ठेवून "ही कालची, ही कालची" असं स्वतःच ओरडायचे. त्यांनी शिळ्याला कधी ताजं म्हटलं नाही, आणि तू नव्याला जुनं म्हणतोस?

जोगळेकरकाका संध्याकाळी मोटार न्यायला येतील. लहानपणी हरवलेली अगदी अशीच होती, असं सांगताना फोनवर रडले बिचारे. तुझी शंका तूच त्यांना सांग, मग घेवोत नाहीतर न घेवोत. मी कीर्तनाला चालले.

पिठलं झाकून ठेवलंय. रागावले म्हणून उपाशी ठेवणार नाही.

दार उघडशील तेव्हा तेवढी अण्णांची आठवण ठेव.

ताई