फायटिंगला झोपणारी पोरगी

६ नोव्हेंबर
दुर्वा आजही दिवसभर रडली. बाळाला झोप लागावी म्हणून सासूबाईंनी घर चिडीचूप ठेवलंय — टीव्ही बंद, मिक्सर बंद, दारावरची बेलसुद्धा काढून ठेवलीय. तरी रडतेच! मी मांडीवर घेते, पाजते, थोपटते. बाकी काही वाटत नाही.

शेजारच्या अलकाताई म्हणाल्या, "पहिलं लेकरू! जीव कसा भरून येत असेल, नाही?" हो म्हटलं. काय म्हणणार?

९ नोव्हेंबर
दुर्वाला तीन महिने झाले. पेढे, फोटो. मी हसले. दोनदा — पहिला फोटो हलला म्हणून.

१३ नोव्हेंबर
नवनाथला सुट्टी. म्हणाला, "चल, पिक्चरला जाऊ. घरात बसून बसून नवऱ्यालाही ओळखेनाशी होशील." सासूबाई खवळल्या — "इतली धाकली पोरले टाकीजमा कोन लई जास व! नजर लागी जाई!" परत आल्यावर काढायची ती दृष्ट निघतानाच काढली, गालाला तीट, तळपायाला तीट, वर कानटोपी. मग सोडलं.

टाकीजच्या दारावरच्या माणसाने बजावलं, "बेन, बच्चा रोयेगा तो बाहर जाना पडेगा."

आणि गंमत! मारामारी सुरू झाली, खुर्च्या थरथरल्या, आणि ही ढाराढूर! हीरो-हीरोईन बागेत हळू बोलायला लागले की चुळबुळ. गाड्या उडाल्या की पुन्हा गप्प. मी आख्खा समोसा गरम गरम खाल्ला. बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

१४ नोव्हेंबर
घर चिडीचूप. पोरगी सुरू.

२० नोव्हेंबर
पुन्हा पिक्चर. तोच — दुसरा लागलाच नव्हता. दारावरचा माणूस म्हणाला, "आ गयी फायटिंगवाली बेबी!"

मला मजा येते का? येत असावी. अंधारात कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. आनंद दाखवावा लागत नाही. हे काय कमी सुख आहे?

गाणं जोरात होतं तेव्हा नवनाथला म्हटलं, "मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही रे." तो शिट्टी मारत होता. ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

२७ नोव्हेंबर
ऐन मारामारीत लाइट गेली! जनरेटर सुरू होईना. आख्खं टाकीज शांत, आणि दुर्वाने भोकाड पसरलं. मागचे ओरडायला लागले. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला. नवनाथ खुळखुळा हलवतोय — ढिम्म फरक नाही.

माझ्या तोंडून आपोआप निघालं — घूंऽऽ खट्, घूंऽऽ खट्.

धाग्याच्या मशिनीचा आवाज. आठवा महिना लागेपर्यंत खडोलीच्या कंपनीत पॅकिंगला होते, दिवसभर मशिनींच्या शेजारी. कान किटायचे.

पोरगी गप्प! मान वळवली. बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"हे कुठून सुचलं तुला?" नवनाथने विचारलं.

सुचलं नाही. ड्युटीला आम्ही दोघी जायचो की! तिला शांत घर माहीतच नाही. आणि आम्ही बेल काढून ठेवली!

माझा आवाज थांबला की तिचा ओठ वाकडा व्हायचा. लाइट येईपर्यंत मी थांबले नाही. घसा बसलाय.

२८ नोव्हेंबर
सासूबाईंनी चटणीला मिक्सर लावला. दुर्वा झोपली.

कधीची झोपलीय. उठायची वाट बघत बसलेय.